सिस्टरच्या हातावर काय लिहिलंय?

विचारणारी मुलगी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "डाव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, आईचं नाव आणि त्याखाली ईसीजीची रेघ असा टॅटू मी दुसऱ्या वर्षाला असताना काढून घेतला. आमच्या ट्यूटर मॅडम म्हणतात, चांगल्या हॉस्पिटलात घेणार नाहीत, अशा सिस्टरवर पेशंटचा विश्वास बसत नाही. पुढच्या महिन्यात मुलाखती आहेत. लेझरने काढून टाकू का? आणि लोकांना हे खरंच इतकं खटकतं का?"

लेझरचं आधी सांगते, कारण तिथे तुला घाई झालीय. मराठीत टॅटू आधी 'काढतात' आणि नको झाला की पुन्हा 'काढतात', शब्द एकच. पण दुसरं काढणं पहिल्यासारखं तासाभरात होत नाही. लेझरने शाईचे कण फोडायचे, फुटलेले कण शरीराने हळूहळू वाहून न्यायचे, मग उरलेले पुन्हा फोडायचे, असं ते काम चालतं. दोन बैठकांमध्ये साधारण सहा ते आठ आठवडे ठेवतात आणि अशा बऱ्याच बैठका लागतात. काळी शाई त्यातल्या त्यात ऐकते, हिरवी-पिवळी दाद देत नाही. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर शाई गेली तरी पांढुरका ठसा राहू शकतो. म्हणजे पुढच्या महिन्यात तू मुलाखतीला बसशील ती अर्धवट पुसलेलं आईचं नाव आणि भोवती खपली घेऊन. त्यापेक्षा आहे तो टॅटू बरा.

आता, लोकांना खटकतं का? खटकतं. पण कुणाला आणि कशामुळे, याबाबत तुझ्या मॅडमचा अंदाज चुकलाय असं मला वाटतं.

मी 28 वर्षं वॉर्डात काढली. त्यातली शेवटची नऊ नर्सिंग सुपरिंटेंडंट म्हणून, म्हणजे तुझ्यासारख्या मुली ज्या टेबलासमोर बसतात त्याच्या पलीकडच्या बाजूला. तिथे काय होतं ते सांगते. मुलगी फाईल पुढे करते, ओढणी नाहीतर बाही जरा वर सरकते आणि आमच्या तिघांचे डोळे एकदम तिच्या हातावर जातात. मुलगी बाहेर गेली की तिघांपैकी कुणीतरी म्हणतं, "बाकी ठीक आहे, पण पेशंट काय म्हणतील?" सुरुवातीची काही वर्षं हे म्हणणारी मीच असायचे.

पेशंट काय म्हणतात ते कळायला आमच्याकडे तक्रारपेटी आहे. महिन्यातून दोनदा ती मी स्वतः उघडते. बेल वाजवून अर्धा तास कुणी आलं नाही. डाळ गार होती. बाथरूममध्ये पाणी तुंबलंय. सिस्टर तुसड्यासारख्या बोलल्या. डिस्चार्ज सकाळी सांगितला आणि संध्याकाळी दिला. नाईटचा स्टाफ मोठमोठ्याने हसत होता. नऊ वर्षांत टॅटूचा उल्लेख असलेली चिठ्ठी मला एक आठवते. ती एका पेशंटच्या सुनेची होती, आणि तिचा खरा राग भेटीची वेळ संपल्यावर सिस्टरने बाहेर जायला सांगितलं याचा होता. टॅटू शेवटच्या ओळीत आला होता, भांडण वाढलं की माणूस जसा कपड्यांवर जातो तसा.

याचा अर्थ पेशंटला तो दिसत नाही असा मुळीच नाही. दिसतो, आणि ते बोलूनही दाखवतात. वाईकडची एक आजी आमच्या ऑर्थो वॉर्डात होती, खुब्याचं हाड मोडून आलेली, पंच्याहत्तरीच्या आसपास. हनुवटीवर तीन ठिपके, उजव्या हातावर तुळशीवृंदावन, सगळं हिरवट पडून कातडीत मुरलेलं. तिच्या बेडची सिस्टर नवी होती आणि तिच्या हातावर इंग्रजीत, वळणदार अक्षरात, 'ब्रीद' असं लिहिलेलं. बीपी घेताना आजीने विचारलं,

"ह्ये काय लिवलंय गं?"

"ब्रीद, आजी. म्हणजे श्वास घे."

"श्वास घ्यायला बी लिहून ठिवावं लागतं व्हय?"

अख्खा वॉर्ड हसला. सिस्टरही हसली, पण तिने आजीच्या तुळशीवृंदावनाकडे बोट दाखवलं, "मग हे काय?" आजी म्हणाली, "ह्ये देवाचं हाय. मेल्यावर सोनंनाणं काढून घेत्यात, ह्येच तेवढं संगं येतं. तुझं तिथं कोण वाचणार?" आणि वर, "पोरीच्या जातीला न्हाई दिसत बरं," असंही म्हणून घेतलं. चौथ्या दिवशी इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी, बदलायची होती. दुसरी सिस्टर ट्रे घेऊन गेली तर आजीने हात पदराखाली घेतला. "ती श्वासवाली कुटं हाय? तिलाच बोलवा, तिचा हात हलका हाय."

नाव तिच्या लक्षात नव्हतं. टॅटूवरूनच ती सिस्टरला ओळखत होती.

या आजीचा आक्षेप मी खूप वेळ घोळवला आहे. जिच्या स्वतःच्या तोंडावर शाई आहे तिला सिस्टरच्या हातावरची शाई का खटकावी? कारण तिच्या हिशेबात गोंदण म्हणजे माणूस कुठला, कुणाचा, कोणत्या देवाचा हे सांगणारी खूण. ते लग्नाआधी आईने किंवा आत्याने करवून घ्यायचं, दारावर आलेल्या गोंदणारणीकडून, काजळी आणि सुयांनी, रडत रडत. आपल्या मनाने, आपल्या पैशाने, आवडलं म्हणून काढलेलं चित्र तिला त्या रांगेत बसवता येत नव्हतं.

उलटाही अनुभव आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी दोन वर्षं पालघरच्या बाजूला ग्रामीण रुग्णालयात होते, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. बाळंतपणाला येणाऱ्या वारली, ठाकर, कातकरी बायकांच्या हातांवर, कपाळावर गोंदण असायचं. त्यांना माझा मोकळा हातच चमत्कारिक वाटायचा. एकीने तर कळा येत असताना, दोन कळांच्या मधे, माझं मनगट धरून विचारलं होतं, "बाय, तुझ्या आयशीनं तुला काहीच कसं काढून नाही दिलं?" तिच्या आवाजात कीव होती. मी पुण्याहून आलेली, पांढऱ्या साडीतली, बिनखुणेची बाई. आमच्या कामात गोंदणाचा एक कोरडा उपयोगही असतो. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस आली की कागदावर ओळखीच्या दोन खुणा लिहाव्या लागतात, आणि बेशुद्ध, बेवारस आणलेल्या माणसाच्या दंडावर गोंदलेलं एखादं नाव हाच पोलिसांचा पहिला धागा ठरतो. गोंदण तपासणं आम्हाला नवं नाही. ते आमच्या अंगावर आलं तेव्हा आम्ही दचकलो.

परदेशात यावर मोजमाप झालेलं आहे, आणि त्यातले दोन प्रकार एकमेकांशेजारी ठेवले की मजा कळते. एक प्रकार फोटोचा. पेशंटला फोटो दाखवायचे, तीच व्यक्ती टॅटूसह आणि टॅटूविना, आणि विचारायचं की ही तुम्हाला किती व्यावसायिक वाटते. अमेरिकेत 2012 साली नर्सिंग प्रशासनाच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासात अशाच फोटोंवर लोकांनी टॅटूवाल्या बाईला तसाच टॅटू असलेल्या पुरुषापेक्षा कमी व्यावसायिक ठरवलं. दुसरा प्रकार खऱ्या ड्यूटीचा. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावच्या एका ट्रॉमा सेंटरच्या कॅज्युअल्टीत सात डॉक्टरांनी नऊ महिने हा खेळ केला. कधी काहीच नाही, कधी हातावर खोटा टॅटू, कधी कानानाकात खोटे दागिने, कधी दोन्ही. नंतर नर्स पेशंटकडे जाऊन सेवेच्या दर्जाची चौकशी म्हणून विचारायची, तुमचे डॉक्टर कसे वाटले? जाणकार होते का, आपुलकीने बोलले का, विश्वास वाटला का? प्रश्न टॅटूबद्दल आहे हे पेशंटला सांगितलेलं नव्हतं. 924 पेशंटना विचारलं. 2018 साली निष्कर्ष छापून आले ते असे की फरक पडला नाही. टॅटू असो-नसो, चारातल्या तीनपेक्षा जास्त वेळा पेशंटनी सगळ्यात वरचा शेराच दिला होता.

फोटोला हात नसतो. तो वेदनेत असताना उशी सरळ करत नाही. नुसता फोटो समोर ठेवला की माणूस आपल्या मनातल्या 'चांगल्या घरच्या मुली'च्या चित्राशी तो ताडून बघतो. कॅज्युअल्टीत कोपर फुटलेला माणूस ताडून बघायच्या मनःस्थितीत नसतो. आणि मुलाखतीच्या टेबलावरच्या आम्ही तिघं? आमच्यासमोर मुलगी दहा मिनिटं असते, काम करताना आम्ही तिला पाहिलेलं नसतं. म्हणजे आम्हीही फोटोच बघत असतो. "पेशंट काय म्हणतील" हे आम्ही आमच्याच मनातलं पेशंटच्या तोंडी घालतो.

त्या 2012च्या अभ्यासातली बाई-पुरुषाची गोष्ट मात्र आपल्याकडेही शंभर टक्के लागू आहे, ती मी माझ्याच वॉर्डात बघते. आमच्या मेल सर्जिकलला एक ब्रदर आहेत, उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत राजमुद्रा. नातेवाईक त्यांना थांबवून विचारतात, "कुठे काढली हो? एक नंबर आलीय." शेजारच्याच वॉर्डात एका सिस्टरच्या मनगटावर पाच रुपयांच्या नाण्याएवढं फुलपाखरू आहे. तिच्याबद्दल लिफ्टमध्ये दोन बायका बोलताना मी स्वतः ऐकलं, "हुशार आहे गं, पण जरा तशीच दिसते." राजमुद्रेचं क्षेत्रफळ फुलपाखराच्या तीसपट तरी असेल. त्यामुळे तुझ्या ट्यूटर मॅडमनी हीच ताकीद तुमच्या वर्गातल्या मुलांना दिली का, हे एकदा विचारून बघ. भांडायला म्हणून नको, उत्तर काय येतं ते ऐकायला.

शाईपेक्षा त्या शाईने काय लिहिलंय हे मी जास्त बघते, आणि इथे मी तुझ्या पिढीइतकी उदार नाही, हे कबूल करते. पेशंट कमरेखाली चादर ओढून, घाबरलेला, परक्या माणसांच्या हवाली पडलेला असतो. त्या अवस्थेत समोरच्या हातावर एखाद्या पक्षाची खूण, जातीचा अभिमान सांगणारी ओळ, कुणाला तरी खिजवणारी घोषणा दिसली की त्याच्या मनात हिशेब सुरू होतो: मी यांच्यातला की त्यांच्यातला? मला सलाईन आधी लावणार की नंतर? तसा भेदभाव आमच्याकडे होत नसेलही, पण शंका आली तेवढंच पुरे. तोंडाने तो काही विचारणार नाही, फक्त वेदना कमी सांगेल. या एका प्रकारासाठी मी 'झाका' म्हणते, राजमुद्रेच्या ब्रदरना नाही म्हणत, आणि हे तितकंसं सुसंगत नाही हे मलाही कळतं. देव, श्रद्धा, अभिमान आणि चिथावणी यांच्यामधली रेघ मला दरवेळी नव्याने आखावी लागते.

दुसरी अडचण आयसीयूतली. वयस्कर माणसं ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री भ्रमात जातात. दिवस-रात्र कळत नाही, पडद्यावर साप दिसतात, सलाईनची नळी दोरी वाटते. आमच्याकडे अशा एका आजोबांनी पहाटे तीनला "विंचू, विंचू" म्हणून आरडाओरडा केला आणि शिरेत घातलेली नळी उपसून काढली. आम्ही भ्रम म्हणून नोंद केली. सकाळी हँडओव्हर घेताना लक्षात आलं की नाईटच्या ब्रदरच्या हातावर खरोखरच विंचू होता, ठसठशीत, नांगी वर केलेला. आजोबांनी बरोबर बघितलं होतं. तेव्हापासून कवट्या, साप, विंचू असलेल्यांना मी आयसीयूत शक्यतो लावत नाही, आणि लावलंच तर हात बेडच्या वर आणताना गाऊन घालायला सांगते. लहान मुलांच्या वॉर्डात नेमकं उलटं. तिथे एका सिस्टरच्या हातावरच्या मांजरीने जितक्या इंट्राकॅथ सुखरूप लावून दिल्या तितक्या फुग्यांनीही दिल्या नसतील. पोरगं मांजरीचे मिशांचे केस मोजेपर्यंत सुई आत गेलेली असते.

तुझ्या ईसीजीच्या रेघेबद्दल थोडं. हा टॅटू मुलामुलींमध्ये इतका पसरलाय की मला त्याचं वाचन करायची सवय लागलीय, आणि दहातले आठ चुकीचे असतात. कुठे मोठ्या टोकाआधीचा छोटा उंचवटा, पी वेव्ह, नसतेच, कुठे नंतरचा, टी वेव्ह, गायब, आणि जवळजवळ सगळ्यांत दोन्ही बाजूंना लांबलचक सपाट रेघ, म्हणजे हृदय थांबल्यासारखी. मागे आमच्या कार्डिऑलॉजिस्टनी राउंडला असताना एका मुलाचा हात धरून, चष्मा कपाळावरून खाली घेऊन, दोन मिनिटं निरखला आणि मला गंभीरपणे म्हणाले, "सिस्टर, हा कोणत्या बेडचा? याला ताबडतोब मॉनिटरवर घ्या." तुझा एकदा तपासून ठेव. मुलाखतीच्या पॅनेलवर फिजिशियन असतील तर ते नावाकडे बघणारच नाहीत, रेघेकडे बघतील, आणि "यात पीआर इंटरव्हल दाखव" म्हणतील, म्हणजे पी वेव्हच्या सुरुवातीपासून मोठ्या टोकाच्या सुरुवातीपर्यंतचं अंतर. ही थट्टा नाही, माझ्यासमोर विचारलेला प्रश्न आहे.

आता झाकायचं कसं, यात मी केलेली एक चूक सांगते. सुपरिंटेंडंट झाले तेव्हा नियम काढला की दिसणारा टॅटू ड्यूटीवर मायक्रोपोरने, म्हणजे कागदी चिकटपट्टीने, झाकायचा. एका मुलीने तो चार महिने इमानेइतबारे पाळला. हात दिवसातून पन्नास वेळा धुवायचे, त्यामुळे पट्टी भिजायची, कडा सुटायच्या, त्यावर मळ बसून त्या काळ्या व्हायच्या. शेवटी आमच्या इन्फेक्शन कंट्रोल सिस्टरनी तिला माझ्या टेबलासमोर आणून उभं केलं आणि पट्टी काढायला लावली. खालची कातडी लाल, सोललेली, कडेला पुरळ. "मॅडम, टॅटूने कुणाला इन्फेक्शन दिलं नसतं. ही पट्टी आणि ही जखम देईल." सोललेल्या कातडीच्या हाताने रक्त हाताळणं तिच्या स्वतःसाठीही धोक्याचं होतं. नियम मी त्याच दिवशी मागे घेतला. लांब बाह्यांचंही तसंच आहे. कफ प्रत्येक पेशंटच्या चादरीला घासतो आणि हात मनगटापर्यंत नीट धुता येत नाहीत. ब्रिटनच्या आरोग्य खात्याने 2007 साली कोपराखाली हात उघडे ठेवण्याचं धोरण आणलं ते याच कारणाने. बाह्या नकोत, घड्याळ नको, साध्या अंगठीपलीकडे दागिना नको. टॅटूंचा त्यात विचारही नव्हता, पण परिणाम असा झाला की तिथल्या डॉक्टर-नर्सांच्या हातांवर जे काही होतं ते सगळं पेशंटसमोर आलं.

एक शंका पेशंटना खरोखर असते आणि ती हसण्यावारी नेऊ नये: "टॅटूवाल्यांना कावीळ-एड्स असतो म्हणे." भरलेल्या, जुन्या टॅटूतून पेशंटला काही होत नाही. शाई कातडीच्या आत बंद असते. धोका असतो तो काढतानाच्या सुईचा, आणि तो काढून घेणाऱ्याला. जत्रेत एकाच मशीनवर एकामागून एक दहा हात गोंदले जातात तिथे हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही पसरू शकतात. म्हणूनच आपल्याकडे टॅटू काढल्यावर वर्षभर रक्तदान करता येत नाही. तू दुसऱ्या वर्षी काढलास म्हणजे ती मुदत संपली असेल किंवा संपत आली असेल. पण आपल्याला टॅटूच्या सुईहून मोठी भीती वॉर्डातल्या सुईची. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता 100 मध्ये 30 पर्यंत जाते. सी मध्ये ती 2च्या आसपास, एचआयव्हीत हजारात 3. बी ची लस आहे, शून्य, एक आणि सहा महिन्यांनी. सी ची नाही. तुझे तिन्ही डोस झाले असतील तर अँटीबॉडी टायटर, म्हणजे लसीने रक्तात किती संरक्षण तयार झालं याची तपासणी, करून घे, तो 10च्या वर हवा. हा कागद आणि हिपॅटायटिस सी निगेटिव्हचा रिपोर्ट फाईलमध्ये लाव. नोकरीआधीच्या मेडिकलमध्ये हे बहुतेक ठिकाणी विचारतातच, पण आपण होऊन पुढे केलेल्या कागदाचं वजन वेगळं असतं.

पुढे कधी आणखी काढावासा वाटला तर पोस्टिंग चालू असताना काढू नकोस. नवा टॅटू म्हणजे दोन-तीन आठवडे उघडी जखम. त्यावर हँडरब, म्हणजे हाताला चोळायचं जंतुनाशक, लागला की डोळ्यांत पाणी येतं, मग मुलं हात धुवायचं टाळतात, आणि तिथून खरी गडबड सुरू होते. बोटं, तळहाताची मागची बाजू, मान, चेहरा या जागा सोड. मानेवरच्या टॅटूला आजही आमच्या टेबलावर दोन मतं पडतात. माझं मत मी हळूहळू बदलत आणलंय, बाकीच्या दोघांचं नाही.

सैन्याचा विचार असेल तर गंमत बघ. तिथल्या भरतीत कायमचा टॅटू चालतो तो नेमका हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागे. इतरत्र असला तर बाद. आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या चालीरीतीनुसार सूट असते. म्हणजे आमच्यासारखी खासगी हॉस्पिटलं ज्या जागेवर नाकं मुरडतात तीच सैन्याला मान्य आहे. तू मिलिटरी नर्सिंगला अर्ज करणार असशील तर त्या वर्षीची जाहिरात अक्षरशः वाच आणि तुझा टॅटू आतल्या बाजूला येतो की बाहेरच्या, हे आरशासमोर हात ताणून बघ. बाहेर जायचं असेल तर देशागणिक चाल वेगळी. जपानमध्ये अंगावरच्या टॅटूचा संबंध अजून गुंडांशी लावतात, 2012 मध्ये ओसाका महापालिकेने आपल्या कर्मचाऱ्यांना 'टॅटू आहे का' असं लेखी विचारलं होतं. आखातातून परतलेल्या आमच्या सिस्टर सांगतात की तिथे बाहीखाली ठेवायला लावतात. जर्मनीला जायची सध्या आपल्याकडे लाट आहे, तिथे तुला अडवेल ती जर्मन भाषेची परीक्षा, हातावरचं आईचं नाव नाही.

आपल्या नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीला टॅटूशी काही देणंघेणं नाही. अडतं ते हॉस्पिटलागणिक, आणि तेही बहुतेक ठिकाणी लेखी नियमामुळे नाही, टेबलावर त्या दिवशी कोण बसलंय त्यामुळे. मी शिकत होते तेव्हा डोक्यावर स्टार्चची कडक टोपी असायची. ती गेली तेव्हा जुन्या मेट्रन बाई म्हणाल्या होत्या, "आता पेशंट तुम्हाला ओळखणार कसे?" साडी जाऊन ट्यूनिक-पँट आली तेव्हा तेच. पेशंट 'ओ सिस्टर' म्हणून हाक मारायचे, तसेच अजून मारतात.

मुलाखतीला अर्ध्या बाहीचा ड्रेस घाल. पूर्ण बाही घालून आलेल्या मुलीची बाही मधेच सरकते आणि मग ती ओढत बसते. ते ओढणंच आमच्या डोळ्यांत भरतं, आणि लपवतेय म्हणजे काहीतरी असेल असं वाटतं. कुणी विचारलं तर एका वाक्यात सांग, "आईचं नाव आहे, सर." खुलासा, माफी, 'लहान होते तेव्हा' असलं काही लावू नकोस. कुणी म्हणालंच की पेशंट काय म्हणतील, तर तुझ्या पोस्टिंगमधला एखादा खरा पेशंट आठव आणि तो काय म्हणाला ते सांग. नसेल आठवत तर या महिन्यात वॉर्डात आहेस तोवर कान उघडे ठेव, सापडेल. पॅनेलने तरीही नाकारलं तर नियम लेखी आहे का एवढं नम्रपणे विचारून ये. लेखी नसेल तर पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा अर्ज कर, तोवर टेबलावरचा एखादा माणूस बदललेला असतो.

लेझरची वेळ घेतली असशील तर रद्द कर. टायटर मात्र याच आठवड्यात, रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात.